दोन डोमेन, एक नोटीस आणि वीस दिवस

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. माझ्या साइटच्या नावांवरून एका कंपनीने माझ्याविरुद्ध तक्रार केली होती, तिचा निकाल पूर्ण माझ्या बाजूने लागला असता तर बहुधा त्याच रात्री लिहून मोकळी झाले असते. पण उत्तरासाठी मिळालेल्या त्या वीस दिवसांत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, मी जे शोधत होते ते कुठेच मिळत नव्हतं. जे मिळत होतं ते वकिलांनी कंपन्यांसाठी लिहिलेलं: तुमच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणी घेतलं तर ते सोडवून कसं घ्याल. ज्याच्या हातून सोडवून घ्यायचं त्याने काय करायचं, हे साध्या भाषेत कुणी सांगत नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

सगळ्याच्या मुळाशी एक वॉशिंग मशीनचं दार आहे. धुणं अर्ध्यावर असताना त्याचं लॉक सुटायचं आणि पाणी घरभर व्हायचं. सर्व्हिस सेंटरचा माणूस पाच वेळा आला, पाचव्या वेळी ‘वापरात हयगय’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारून गेला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्या रात्री मी रागाच्या भरात दोन डोमेन घेतली. एक होतं थेट ब्रँडचं नाव आणि पुढे डॉट ऑर्ग; कंपनीकडे डॉट कॉम होतं, हे मोकळं दिसलं म्हणून घेतलं. दुसरं ब्रँडचं नाव, मग एक आडवी रेघ, मग ‘कंप्लेंट्स’, आणि डॉट कॉम. दोन्हींवर एकच साइट. नोंदणीला पैसे असे काही पडलेच नाहीत, आणि दोन्हींपैकी कोणतं नाव जास्त धोक्याचं, हा विचार तेव्हा मनात आलाही नाही. उलट पहिलं नाव मिळालं याचा मला आनंद जास्त झाला होता.

साइटवर माझी हकिकत होती, पाचही भेटींच्या पावत्यांचे फोटो होते आणि खाली एक फॉर्म होता: तुमचाही असाच अनुभव असेल तर लिहा. लोकांनी लिहिलं. दोन वर्षांत साठेक हकिकती जमल्या. होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचा, खर्च निघावा म्हणून मी बाजूला जाहिरातींची एक पट्टी लावली. तिच्यातून वर्षाला होस्टिंगचे अर्धेही पैसे सुटत नव्हते. पण ती पट्टी पुढे फार महाग पडली.

दुसरी चूक त्याहून वाईट. कंपनीच्या ग्राहक सेवेशी माझा ईमेलवर वाद चालू होता. एका मेलमध्ये मी लिहून बसले, ‘माझे मशीनचे पैसे परत करा, मी साइट काढून टाकते.’ मला वाटलं होतं की ही समजुतीची भाषा झाली. हेच वाक्य पुढे त्यांच्या दाव्याला जोडलेल्या कागदांत पिवळ्या पट्ट्यात अधोरेखित होऊन आलं.

गेल्या वर्षाच्या आधीच्या नोव्हेंबरात वकिलांचं पत्र आलं. ट्रेडमार्कचं उल्लंघन, बदनामी, सात दिवसांत दोन्ही डोमेन आमच्या नावे करा, अन्यथा. पोटात गोळा आला. मी जाहिरातीची पट्टी त्याच संध्याकाळी काढली आणि पत्राला उत्तर दिलं नाही. आता वाटतं, दोन ओळींचं शांत उत्तर द्यायला हवं होतं: ही टीकेची साइट आहे, विकायची नाही, कंपनीशी संबंध असल्याचा दावा नाही. गप्प बसण्यात गुन्हा काही नाही, पण पुढे कुणी फाइल वाचतो तेव्हा तुमच्या बाजूचा एखादा जुना, थंड डोक्याने लिहिलेला कागद त्यात असलेला बरा.

डिसेंबरात एका अनोळखी पत्त्यावरून मेल आला. त्या माणसाला म्हणे पहिलं डोमेन फार आवडलं होतं, किती घ्याल? मी आकडा टाइपसुद्धा केला होता. धाकटा भाऊ शेजारी बसला होता, तो म्हणाला, ‘ताई, थांब. या नावाचं कंपनीशिवाय दुसरं कोण काय करणार आहे?’ मी ‘विकायचं नाही’ एवढंच लिहिलं. तो माणूस खरोखर कोण होता हे मला कधीच कळलं नाही. पण पुढे डोमेनच्या वादांचे नियम वाचल्यावर अंगावर काटा आला: नोंदणीच्या खर्चापेक्षा जास्त पैशांना ट्रेडमार्कधारकाला नाव विकण्याच्या हेतूने ते घेतलं असेल, तर तो वाईट हेतूचा पहिलाच नमुना म्हणून नियमात लिहिलेला आहे. तो आकडा पाठवला असता तर मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला असता.

३ मार्चला कंपनीने वायपोकडे, म्हणजे जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार दाखल केली. मला तेव्हा काहीच कळलं नाही. ७ मार्चला माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, हलवावं म्हणून मी खातं उघडलं, तर दोन्ही नावांपुढे कुलूप. हलवता येत नव्हतं, मालकाचं नाव बदलता येत नव्हतं. मी पार घाबरले, वाटलं आता साइट बंद पडणार. तसं नसतं. तक्रार आली की रजिस्ट्रारने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव गोठवायचं असतं, आणि गोठवेपर्यंत मालकाला कळवायचंही नसतं, म्हणजे तो नाव घेऊन पळणार नाही. साइट मात्र चालू राहते आणि नूतनीकरणही करता येतं. माझं दुसरं डोमेन एप्रिलमध्ये संपत होतं, ते मी लगेच वर्षभरासाठी वाढवून घेतलं. तुमचीही तारीख जवळ असेल तर आधी ते करा, बाकीचं नंतर.

आणखी एक धक्का. मी नोंदणी करताना माझी माहिती लपवून ठेवली होती. वायपोने रजिस्ट्रारकडे विचारणा केली की ती माहिती त्यांना मिळते आणि त्यांच्याकडून कंपनीलाही. मग कंपनीला तक्रारीत दुरुस्ती करायला पाच दिवस मिळतात. १० मार्चच्या दुरुस्त तक्रारीत माझं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता होता. शिवाय निकाल नावानिशी त्यांच्या संकेतस्थळावर लागतो, तो कुणालाही वाचता येतो. मनाची तयारी ठेवा.

१३ मार्चला कार्यवाही सुरू झाल्याची अधिकृत सूचना आली, केस नंबरसकट. उत्तराची मुदत २ एप्रिल. नंतर कुरिअरने कागदी सूचनाही आली. ते जाड पाकीट हातात घेतल्यावर मग मात्र हे सगळं खरं वाटायला लागलं.

पहिले दोन दिवस मी नुसती तक्रार वाचत होते. जोडपत्रंच अठरा: ट्रेडमार्कची प्रमाणपत्रं, माझ्या साइटचे फोटो, जुन्या साइट साठवून ठेवणाऱ्या अर्काइव्हमधून काढलेलं माझं पान, जाहिरातीच्या पट्टीसकट. मी पट्टी काढून चार महिने झाले होते, पण इंटरनेटवर पुसलेलं पुसलं जात नाही. एका ट्रेडमार्क वकिलांना फोन केला. त्यांनी उत्तर लिहून देण्याचा सांगितलेला आकडा माझ्या मशीनच्या किमतीच्या चौपट होता. मी आभार मानून फोन ठेवला.

मग कळलं की ही प्रक्रिया कोर्टासारखी नाहीच. तिला यूडीआरपी म्हणतात, म्हणजे डोमेनच्या वादांसाठीचं सगळीकडे सारखं धोरण. डोमेन नावांची जगभरची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये ती लागू केली आणि डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट अशी नावं घेताना आपण न वाचता ज्या करारावर ‘मान्य’ करतो, त्यात ती असते. सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत, सगळं ईमेलवर. एक पॅनेलिस्ट, म्हणजे नेमलेला तज्ज्ञ, कागद वाचून निकाल देतो. तो दंड लावू शकत नाही, नुकसानभरपाई देववू शकत नाही. नाव कंपनीला द्यायचं, रद्द करायचं किंवा तुमच्याकडे राहू द्यायचं, एवढंच त्याच्या हातात. हे वाचलं आणि जिवात जीव आला. वकिलांच्या पत्रातली ती ‘बदनामी’ आणि ‘भरपाई’ इथे नव्हतीच. त्यासाठी त्यांना कोर्टात जावं लागलं असतं.

खर्चाचं असं: पाच नावांपर्यंत एका पॅनेलिस्टसाठी १,५०० डॉलर, आणि ते तक्रारदार भरतो. उत्तर द्यायला आपल्याला फी नाही. तुम्हाला तिघांचं पॅनेल हवं असेल तर एकूण ४,००० होतात आणि त्यातले निम्मे तुमच्या खिशातून. तिघे असले की कुणा एकाच्या मतावर सगळं अवलंबून राहत नाही, हे खरं, पण २,००० डॉलर माझ्याकडे नव्हते. मी एकावरच भागवलं.

आता मुख्य गोष्ट. कंपनीला तीन मुद्दे सिद्ध करावे लागतात, आणि तिन्ही लागतात. नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्या नावावर हक्क किंवा वैध हितसंबंध नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरता आहात. पहिल्या मुद्द्यावर भांडू नका. नावामागे ‘कंप्लेंट्स’ असो की ‘सक्स’ (म्हणजे ‘भिकार’), ट्रेडमार्क ओळखू येतोय ना, मग तो मुद्दा सहसा त्यांचाच. खरी लढाई दुसऱ्यावर. तिथे आपल्या बाजूला एक वाक्य आहे: ग्राहकांना फसवून पैसे कमावण्याचा किंवा ट्रेडमार्कला काळिमा फासण्याचा हेतू नसताना केलेला बिगर-व्यापारी किंवा रास्त वापर वैध मानला जातो.

हे वाक्य मिळालं आणि मला वाटलं, जिंकलेच. मी आठवडाभर बसून उत्तर लिहिलं. दाराचं लॉक कसं सुटतं, पाचव्या भेटीचा शेरा कसा खोटा, साठ लोकांचे अनुभव, तारखा, मॉडेल नंबर. ४,१०० शब्द झाले. मर्यादा ५,००० ची आहे, म्हणजे बसतही होतं. अभिमानाने एका जुन्या मैत्रिणीला पाठवलं. ती वकिली सोडून आता शिकवते. तिने रात्री फोन केला. ‘अगं, छान लिहिलंयस. पण हे ग्राहक मंचापुढचं आहे. मशीन वाईट आहे हे इथे कुणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते एवढंच की नुसता पत्ता वाचून माणसाला ही साइट कुणाची वाटेल.’

मी तिच्याशी वाद घातला. मग फोन ठेवला आणि पुरावा म्हणून जोडायला फॉर्मवरून आलेले जुने संदेश पुन्हा वाचायला घेतले. त्यात अकरा संदेश वेगळे निघाले. ते माझ्यासाठी नव्हतेच. एका आजोबांचा होता: ‘महोदय, आपल्या कार्यालयात तिसऱ्यांदा लिहीत आहे. मशीन बंद असल्याने पत्नीला हाताने कपडे धुवावे लागतात, तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं आहे. कृपया माणूस पाठवावा.’ खाली मशीनचा सिरीयल नंबर, दोनदा लिहिलेला, म्हणजे चुकू नये. ते मला कंपनी समजून विनवणी करत होते. हा संदेश आला होता पहिल्या डोमेनवरून, डॉट ऑर्गवरून. बाकी दहाही तिथूनच. ‘कंप्लेंट्स’ असलेल्या पत्त्यावरून असा एकही नाही.

त्या काळात असे संदेश आले की मला बरं वाटायचं. लोक कंपनीला शोधत माझ्या दारात येतात, असं मी साइटवर एकदा फुशारकीने लिहिलंही होतं. तो मजकूर कंपनीने जोडपत्र नऊ म्हणून लावला होता. मी तेव्हा त्या आजोबांना ग्राहक सेवेचा नंबर कळवला होता, एवढंच काय ते समाधान. साइटच्या तळाशी ‘ही अधिकृत साइट नाही’ अशी ओळ होती, पण ती तळाशी होती, आणि आजोबा तळापर्यंत गेले नव्हते. जाणार तरी कशाला?

मग मी नीट वाचायला बसले. पॅनेलिस्टांच्या निकालांवरून वायपोने केलेला एक सारांश आहे, माझ्यापुढे होता तो २०१७ चा, तिसरी आवृत्ती. त्यातला २.६ हा भाग टीकेच्या साइटवरच आहे. दोन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. टीका कितीही खरी आणि फुकट असली तरी नुसता ट्रेडमार्क आणि पुढे डॉट काहीतरी, असं नाव असेल तर पॅनेलिस्ट त्याकडे सोंग म्हणून बघतात. वाचणारा फसून आत येतो, मग आत काहीही असो. पण नावातच टीकेचा शब्द असेल, तर टीका खरी, रास्त आणि बिगर-व्यापारी आहे एवढं पुरतं. अशा प्रकरणांत काही पॅनेलिस्टांनी होस्टिंगचा खर्च भागवण्यापुरती किरकोळ कमाईही चालवून घेतल्याचं तिथेच नमूद आहे. माझ्या जाहिरात पट्टीला तेवढाच आधार.

हे सगळं इतकं सरळ कधीच नव्हतं. २००० साली वॉलमार्टच्या नावाला ‘सक्स’ जोडलेल्या नावांवर दोन निकाल लागले: एकात नावं वॉलमार्टला मिळाली, दुसऱ्यात पॅनेलिस्टने तक्रार फेटाळली, कारण असं नाव वॉलमार्टचंच आहे असं कुणाला वाटणार नाही. अमेरिकी कोर्टांची वाट तर वेगळीच. २००३ मध्ये टॉबमन नावाच्या मॉल कंपनीच्या प्रकरणात सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने थेट मॉलच्या नावाच्या साइटवरची आणि ‘सक्स’ साइटवरची अशा दोन्ही बंद्या उठवल्या, आणि त्यातल्या मॉलच्या नावाच्या साइटवर आधी साइटवाल्याच्या मैत्रिणीच्या शर्टच्या धंद्याची लिंक होती, ती नंतर काढलेली. वाचताना मला माझी पट्टी आठवून हसू आलं. २००५ मध्ये नवव्या सर्किटपुढे बॉस्ली मेडिकलचं प्रकरण होतं. केसरोपणावर नाराज झालेल्या ग्राहकाने हुबेहूब कंपनीच्या नावाचंच डोमेन घेतलं होतं. कोर्टाने म्हटलं, विक्रीचा संबंध नसलेली टीका म्हणजे ट्रेडमार्कचं उल्लंघन नव्हे. पण सायबरस्क्वॉटिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं डोमेन बळकावण्याचा, मुद्दा तरीही खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. मी हे निकाल उत्तरात घालायला निघाले होते, मैत्रिणीने थांबवलं. पॅनेलिस्टवर ते बंधनकारक नाहीत, आणि माझ्या पहिल्या नावाला ते वाचवतील या आशेत मी दुसरं नाव धोक्यात घालत होते.

३० मार्चला मी ४,१०० शब्दांचा मसुदा बाजूला ठेवला. चार दिवस जास्त मागून घेतले. हे नियमातच आहे: उत्तर देणाऱ्याने मागितले की चार दिवस आपोआप मिळतात, कारण द्यावं लागत नाही. फक्त मूळ मुदत संपायच्या आत मागा. नवी तारीख ६ एप्रिल.

नव्याने लिहिलेलं उत्तर १,६०० शब्दांचं झालं. वायपोच्या साइटवर उत्तराचा तयार नमुना असतो, त्यात तीन मुद्द्यांचे तीन मथळे आहेत, त्यात भरत गेले. मशीनवर एकच परिच्छेद ठेवला, तोही टीका बनावट नाही हे दाखवण्यापुरता, आणि पाच पावत्या जोडल्या. दोन डोमेनचा विचार वेगवेगळा व्हावा असं स्पष्ट लिहिलं. जाहिरात होती हे मान्य केलं, कधी लावली, कधी काढली, किती पैसे आले, हे होस्टिंगच्या बिलाशेजारी ठेवून दिलं. ‘पैसे परत करा, साइट काढते’ या वाक्याबद्दल लिहिलं की मी माझ्या मशीनचे पैसे मागत होते, नावाचे नव्हे, आणि पुढे विचारणा आली तेव्हा मी विकायला नकार दिला. तो डिसेंबरचा दोन शब्दांचा मेल जोडला. कधी नव्हे ते थोडक्यात लिहिल्याचा फायदा झाला.

त्या अकरा संदेशांचं काय करायचं यावर दोन रात्री गेल्या. ते मी आपणहून जोडले नाहीत, पण लपवलेही नाहीत. त्यांच्या जोडपत्र नऊमधली गोष्ट खरी आहे, असं लिहिलं. शेवटी माहिती खरी असल्याचं ठरावीक प्रमाणपत्र असतं, ते शब्दशः हवं. ते विसरून पाठवलंत तर आणखी पत्रव्यवहार मागे लागतो. ५ एप्रिलला रात्री वायपोला आणि प्रत कंपनीच्या वकिलांना, असं एकाच मेलने पाठवून दिलं. पोच दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आली.

उलट्या बाजूने नाव हडपण्याचा प्रयत्न, असाही एक शेरा पॅनेलिस्ट मारू शकतो, म्हणजे कंपनीनेच प्रक्रियेचा गैरवापर केला असा. मी तो मागितला होता. खरं सांगायचं तर रागाने. मैत्रीण म्हणाली होती की एक नाव जाण्यासारखं असताना हे मागणं शोभत नाही. ऐकायला हवं होतं.

मग नुसती वाट. कंपनीने आणखी एक लेखी निवेदन पाठवलं. असं जादा काही घ्यायचं की नाही हे पॅनेलिस्टवर असतं, आपल्याला उत्तर द्यायची सक्ती नसते. मी दिलं नाही, फार मोह झाला होता तरी. १५ एप्रिलला पॅनेलिस्टची नेमणूक झाल्याचं कळलं. त्यांच्याशी थेट संपर्क करायचा नसतो, जे काय ते वायपोमार्फत. निकालाची तारीख नेमणुकीपासून चौदा दिवस. त्या दोन आठवड्यांत मी दिवसातून किती वेळा इनबॉक्स उघडला ते विचारू नका. स्पॅमसुद्धा.

२ मेला निकाल आला, नऊ पानांचा. मी शेवटचं पान आधी उघडलं. डॉट ऑर्ग कंपनीला. ‘कंप्लेंट्स’ माझ्याकडे.

दुसऱ्या नावाबद्दल पॅनेलिस्टने तीनच परिच्छेद लिहिले: टीका खरी आहे, पावत्या आहेत, नाव वाचूनच कळतं की ही कंपनीची साइट नव्हे, पट्टीची कमाई नगण्य. पहिल्या नावाबद्दल मोठं लिहिलं. त्यात जोडपत्र नऊ होतं, माझं पैसे परत मागणारं वाक्य होतं, तळाची ती ओळ पुरेशी नाही हे होतं. गैरवापराच्या शेऱ्याची मागणी एका ओळीत फेटाळली. वाचताना राग आला, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवावं हे सापडेना.

डॉट ऑर्ग वाचवायचं असतं तर दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात जाऊन रजिस्ट्रारला तसं कळवावं लागलं असतं. कोर्ट कुठलं? तक्रारीतच कंपनीने निवडून ठेवलेलं असतं: एकतर रजिस्ट्रारचं मुख्य कार्यालय असेल तिथलं, नाहीतर तुमच्या नोंदलेल्या पत्त्याचं. त्यांनी रजिस्ट्रारचं निवडलं होतं, म्हणजे दुसरा देश. तक्रार हातात पडते तेव्हा हा परिच्छेद कुणी वाचत नाही. मीही शेवटी वाचला. १६ मेला मुदत संपली आणि मी काही केलं नाही. पुढच्या आठवड्यात ते नाव माझ्या खात्यातून गेलं.

मधल्या दिवसांत साइटमध्ये फेरबदल केले. तळाची ओळ उचलून अगदी वर, मोठ्या अक्षरांत आणली, कंपनीच्या खऱ्या ग्राहक सेवेच्या लिंकसकट. फॉर्मच्या वर लिहिलं की इथे लिहून दुरुस्ती होत नाही. पट्टी परत लावली नाही. दुसरं डोमेन आणखी चार वर्षांसाठी वाढवलं. आजोबांना मेल केला, त्यांचं मशीन केव्हाच बदलून मिळालं होतं म्हणे, आणि मी कोण हे त्यांना आठवतही नव्हतं.

एक काम मात्र अजून चालू आहे. दोन वर्षांत लोकांनी जिथे जिथे माझ्या साइटचा दुवा दिला होता, तिथे बहुतेकांनी डॉट ऑर्गच दिलं होतं, कारण ते छोटं आणि लक्षात राहणारं. त्या दुव्यावर क्लिक केलं की आता कंपनीचं मुखपृष्ठ उघडतं, नव्या मॉडेलच्या जाहिरातीसकट. मी एकेकाला शोधून पत्ता बदलायची विनंती करतेय. यादीत एकशे चाळीस आहेत. काल रात्रीपर्यंत तेवीस झाले.